चुड्याचा पाठ

आण्णासो मगदूम कुणाचं काम अडू देत नसे आणि केलेल्या कामाची आठवण बुजू देत नसे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत धनवड्यांच्या कारखान्यात तो सेटर होता, म्हणजे यंत्रं लावून देणारा आणि रुसली तर उठवणारा. पण त्याचा खरा व्यवहार उपकारांचा. शेजारच्या कारखान्यातली मोटर सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करून द्यायची, वर चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि पुढं कधीतरी अगदी सहज म्हणायचं, "तुमचा मेव्हणा अजून पंचायत समितीतच हाय न्हवं?" समोरचा मनात समजायचा की आता वसुली आली. लेकीचं, त्रिशलाचं लग्नसुद्धा असंच जमलं. मुलाच्या चुलत्याची पिठाची गिरणी ऐन दिवाळीत बंद पडली होती. ती आण्णासोनं चालू करून दिली आणि तिथंच, कपडे झाडता झाडता, विषय काढला.

एवढ्या धूर्त माणसाला एक भाबडा अभिमान होता. "माझ्या हाताखाली लाइन बंद पडलेली दाखवा," असं तो छाती पुढं काढून म्हणे. बायका त्याला हसत. पण दाखवणार कुठून? पडतच नसे.

धनवड्यांकडं गुळाच्या पावडरीच्या डब्यांची झाकणं निघत. प्रेस आपल्या तालात वर-खाली होई. ती वर असताना बाईनं पत्र्याची चकती आत ठेवायची आणि हात काढायचा. पूर्वी प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागत, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. काम सुरक्षित होतं, पण सावकाश. मग डब्या आल्या आणि ती बटणं निघाली.

डबी म्हणजे पुस्तकातला फायबर ऑप्टिक ॲम्प्लिफायर. प्रेसच्या जबड्याशी प्लॅस्टिकची बारीक तार आणलेली असते. तिच्यातून वीज वाहत नाही, उजेड वाहतो. तो समोरच्या वस्तूवर आपटतो आणि त्यातला थोडा जोडीच्या तारेनं परत येतो. परत किती आला ते मोजणारी ही बोटभर जाडीची डबी. तिच्यावर दोन आकडे. लाल आकडा सांगतो आत्ता किती उजेड आला. हिरवा सांगतो, कितीच्या पुढं गेला की ‘काहीतरी आहे’ म्हणायचं. लाल हिरव्याच्या वर उडाला की प्रेस जागच्या जागी थांबते.

जुन्या डब्यांना एवढंच कळायचं. थोडी धूळ बसली, थोडं तेल उडालं, की त्या फसायच्या. नव्या डब्या वेगळ्या. त्या एकामागून एक निरनिराळ्या रंगांचा उजेड सोडत आणि कुठला रंग किती परतला यावरून पत्रा, कातडी, काच, कापड वेगवेगळं ओळखत. शिकवायला दोन बटणं होती: ‘आहे’ आणि ‘नाही’. बोट समोर धरून ‘आहे’ दाबलं की बोट दिसल्यावर थांबायचं. तेलाचा वाफारा दाखवून ‘नाही’ दाबलं की पुढं वाफाऱ्याकडं काणाडोळा करायचा.

आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे एका डबीला शिकवलेला पाठ त्या कंपनीच्या सगळ्या डब्यांना पोचे. तोही शिफ्ट बदलताना, यंत्रं थांबलेली असताना, म्हणजे चालत्या कामात गोंधळ नको. पाठ चांगला की वाईट हे माणसं तपासत नव्हती. तेवढी माणसं ठेवणं कंपनीला परवडत नव्हतं. ज्या पाठानं यंत्रं कमी थांबतात तो चांगला, असा साधा हिशेब डब्यांना घालून दिला होता. कारखानदारांच्या मनातलाच हिशेब तो, त्यामुळं कुणाला त्यात काही खटकलं नाही.

लग्नसराई उलटली आणि तीन नंबरच्या प्रेसवरची सुगंधा पुजारी नवी नवरी होऊन कामावर परतली. दोन्ही मनगटांत कोपराकडं निघालेला हिरवा चुडा. पहिल्याच तासात तिची प्रेस पुन्हा पुन्हा थांबू लागली. हात बाहेर असायचा, पण काचेवरून उजेड असा काही उसळायचा की डबी घाबरून ब्रेक मारायची.

धनवडेशेठ केबिनमधून बाहेर आले. "काय गं, बांगड्या चालत नाहीत म्हणून भिंतीवर पाटी लावलीय, ती काय शोभेला?"

"शेठ, वर्षसण होईस्तोवर चुडा उतरायचा न्हाई म्हणून सासूबाईंनी सांगितलंय," सुगंधा म्हणाली. "आणि उतरणार कसा? कासारानं तेल लावून लावून भरल्यात. वाढवाव्या लागतील."

बांगडी फोडायची म्हणताना तिनंही ‘वाढवणं’च म्हटलं. नवऱ्याच्या आयुष्याशी जोडलेली वस्तू, तिच्या बाबतीत तोंडातून वाकडा शब्द कोण काढणार? शेडमधल्या बाकीच्या बायकांनी हात थांबवून शेठकडं पाहिलं. पलीकडच्या गल्लीत काजू सोलायच्या कारखान्याला बायका हव्या होत्या हे शेठना ठाऊक होतं, आणि शेठना ठाऊक आहे हे बायकांना ठाऊक होतं.

"मगदूम," शेठ वळून म्हणाले, "लाइन थांबता कामा नये. काय करायचं ते तू बघ."

आण्णासो अशा क्षणाचीच वाट बघत असे. त्यानं मोटर बंद केली, पण डबी चालू ठेवली. नुसत्या बांगड्या दाखवायला मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या हातातून निघत नव्हत्या. मग तो म्हणाला, "सुगंधा, घाल हात आत. हां, असाच ठेव. जरा फिरव. बांगड्या चमकू देत."

सुगंधानं हात घातला. लाल आकडा उडाला. आण्णासोनं ‘नाही’ दाबलं. दुसरा हात. ‘नाही’. तळवा वर, तळवा खाली. ‘नाही’, ‘नाही’.

"झालं. आता तुझा चुडा हिला दिसणार न्हाई."

प्रेस सुरू झाली ती दिवसभर थांबली नाही. दुपारी सुगंधानं लग्नातले उरलेले बुंदीचे लाडू वाटले आणि आण्णासोला दोन जास्त दिले. त्यानं ते खाल्लेही. सुगंधाचा सासरा पतसंस्थेत संचालक होता, हे त्याला सकाळपासून आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात त्रिशलाचा फोन आला. ती कागलच्या एका कारखान्यात बॅटरीचे पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसवर होती. डब्या त्याच कंपनीच्या.

"आप्पा, हितला इंजिनिअर म्हणतोय चुडा काढ, आणि घरात आत्या काढू देईनात. दोघांच्या मधी माझं भरीत झालंय. काय करू?"

"तुमच्या मशिनी थांबत्यात काय गं अजून?"

"आदी थांबायच्या. आता चार-सहा दिवस झालं, न्हाई थांबत."

आण्णासो खुर्चीत मागं रेलला. "मग काढू नको. सासूचं मन राख. ती अडचण तुझ्या बापानं मिटवलीय, कळलं का? हितं शिरोलीत बसून."

"खरंच आप्पा?"

"इंजिनिअरला सांग, कुणाची लेक हाय ते."

त्रिशलानं इंजिनिअरला सांगितलंच, शिवाय शेडमधल्या सगळ्या बायकांनाही सांगितलं. तिथं बांगड्या काढून पिशवीत ठेवून कामाला बसणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसापासून भरल्या हातानं बसू लागल्या. हे आण्णासोला कळलं तेव्हा त्यानं मनातल्या मनात कागल गावच जमेला धरलं.

*

तो दिवस गुरुवार होता आणि बाजार असल्यानं बायकांना लवकर सुटायचं होतं. सुगंधाचा हात पळत होता. एक चकती तिरकी बसली. ती सरळ करायला तिनं बोटं पुन्हा आत घातली, जशी ती पूर्वी शंभरदा घालायची. डबी बघतेच, प्रेस थांबतेच.

प्रेस थांबली नाही.

आण्णासोला आधी आवाज आला. पत्रा कापल्याचा नव्हे, काच चुरडल्याचा. मग किंकाळी. तो धावला तेव्हा सुगंधा दोन पावलं मागं उभी होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती. बोटं पाचही होती. मनगटावर काचेनं कापल्याच्या रेघा होत्या, त्यांतून रक्त उतरत होतं. हात झटक्यानं मागं ओढताना चुडा तेवढा साच्याच्या कडेवर आपटून फुटला होता आणि तुकडे जबड्यात पडले होते. खालच्या साच्यावर हिरवा चुरा पसरलेला, आणि प्रेस तशीच त्यावर वर-खाली, वर-खाली.

आण्णासोनं मोटर बंद केली.

"आण्णा, चुडा वाढला," सुगंधा म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "आता घरात काय सांगू मी?"

"अगं बोटं हायत तुझी, बोटं मोज!" मालन नावाची पोक्त बाई तिच्या मनगटाला पदर बांधत ओरडली. "चुड्याचं काय घेऊन बसलीस!"

आण्णासोनं काचेचा चुरा ब्रशनं झाडला. उजेडाची तार पुसली. आपला हात आत घातला. लाल आकडा उडाला. डबी ठीक होती. काठी घातली, आकडा उडाला. फडकं घातलं, उडाला. मग तो मालनला म्हणाला, "वहिनी, मोटर बंद हाय. जरा हात घाला."

मालनच्या हातात रोजच्या चार-चार हिरव्या बांगड्या. तिनं हात घातला.

लाल आकडा जागचा हलला नाही.

"आणखी आत घाला."

कोपरापर्यंत हात जबड्यात गेला. आकडा तसाच. डबीच्या लेखी तिथं हवा होती.

आण्णासोला एकदम उमगलं. त्यानं दाखवल्या होत्या बांगड्या, पण डबीसमोर धरलेला होता हात. काचेमागून परतणारा कातडीचा उजेड, बोटांच्या फटी, तळव्याचा रंग, सगळं तिनं एकत्र पाहिलं, आणि त्या सगळ्यावर त्यानं स्वतः ‘नाही’ दाबलं. बांगड्या भरलेला हात म्हणजे काहीच नाही. इतके दिवस यंत्र थांबत नव्हतं, म्हणून सगळे खूश होते.

मग त्याला शिफ्ट आठवली. पाठ शिफ्टबरोबर जातो. हा पाठ कितीतरी शिफ्टपूर्वीच गेला होता.

त्यानं फोन काढला. त्रिशलाचा फोन वाजत राहिला. वाजणारच. कागलला फोन लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागे. कारखान्याच्या कचेरीत लावला, तर यंत्रानं गोड आवाजात थांबायला सांगितलं आणि सनई लावली.

धनवडेशेठनी त्याला केबिनमध्ये घेऊन दार लावलं.

"पोरीला दवाखान्यात पाठवलंय. टाक्यांवर भागेल. आता माझं ऐक. उद्या शांतपणे नवा पाठ दे. बांगडीवाला हात दाखव, ‘आहे’ दाब. आपोआप सगळीकडं जाईल. जुनं मिटलं, नवं आलं, कुणाला पत्ता नाही."

"आणि आज, शेठ?"

"आजचा दिवस काय होतंय? इतके दिवस काय झालं?"

"हितं आत्ता झालं न्हवं का!"

"मगदूम, बटण कुणी दाबलं?" शेठचा आवाज खाली आला. "मी म्हटलं लाइन थांबू नये. बाईचा हात आत घालून ‘नाही’ दाब, असं म्हटलं नव्हतं. तू फोन केलास तर तुझं नाव जाईल, माझ्या कारखान्याचं जाईल, आणि ज्यांच्याकडं ज्यांच्याकडं अपघात झाला असेल ते सगळे तुला शोधत येतील. पोरीच्या सासरी काय तोंड दाखवशील?"

शेठ माणूस ओळखणारे होते. नेमकी दुखरी जागा त्यांनी दाबली. आण्णासोचं आयुष्यभर जमवलेलं नाव एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक मनगट. तेच मनगट धरून त्यानं लहानग्या त्रिशलाला जत्रेत फिरवलं होतं.

"पोरीच्या सासरी दाखवायला पोरीचे हात तरी हवेत, शेठ," तो म्हणाला आणि तिथंच, त्यांच्या समोर, डब्यांच्या कंपनीला फोन लावला.

पलीकडं एक तरुण मुलगी होती. तिनं आधी शांतपणे ऐकलं, मग तिचा आवाज बदलला. "काका, थांबा, मी बघते. हो. हा पाठ आमच्याकडं उत्तम म्हणून नोंदलाय. पहिला नंबर आहे त्याचा. काका, हा सगळीकडं गेलाय."

"सगळीकडं म्हंजे?"

"जिथं आमच्या डब्या आहेत तिथं."

"परत घ्या की मग! आत्ताच्या आत्ता!"

"घेतेय. तुम्ही नाव सांगितलंत म्हणून तरी सापडला. पण चालत्या यंत्रावर डबी नवं काही घेत नाही. शिफ्ट संपल्यावरच. आणि वरून आलेला पाठ तिथल्या बटणानं पुसता येत नाही. मी सगळ्या कारखान्यांना फोन लावायला माणसं बसवते. तुम्ही जिथं पोचू शकता तिथं पोचा, काका."

आण्णासो स्कूटरवर बसला तेव्हा पायात सेफ्टी बूट आणि खिशात पकड होती. महामार्गावर त्याला काही दिसलं नाही. दिसत होता तो लाल आकडा, न हलणारा.

कागलच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. आण्णासोनं त्याला ओळखलं. याच्या पोराला आयटीआयमध्ये प्रवेश मिळवून द्यायला तो दोन खेपा गेला होता. एरवी त्यानं हळूच आठवण काढली असती, हसून, चहाच्या निमित्तानं. आज तो नुसताच ओरडला, "दिनकर, दार उघड! काय विचारू नकोस!" दिनकरनं त्याचा चेहरा पाहिला आणि दार उघडलं.

शेडच्या दारातच तो खिळला. प्रेसची रांग लांबवर गेलेली. त्यांच्या धडधडीच्या वर एक दुसरा आवाज होता, नाजूक, एका लयीत. शंभर मनगटांवरच्या बांगड्यांचा. त्यानंच पाठवलेला.

त्रिशला मधल्या रांगेत होती. तिनं चकती ठेवली, हात काढला. चकती जरा कलली. तिनं भुवई आवळली आणि हात पुन्हा पुढं नेला.

आण्णासोची हाक त्या धडधडीत ऐकू गेली नसती. तो धावला आणि आपला उघडा हात तिच्या हाताच्या आधी त्या उजेडात खुपसला.

लाल आकडा उडाला. प्रेस त्याच्या बोटांच्या वर, हवेत, गचकन थांबली.

"आप्पा! तुम्ही हितं? अवो हात काढा!"

त्यानं मोटरचं बटण मारलं. शिफ्टचा इंजिनिअर, निंबाळकर नावाचा उंच पोरगा, धावत आला. "कोण आहात तुम्ही? लाइन का बंद केली?"

"सगळ्या बंद करा! बांगडीवाला हात ह्यांना दिसत न्हाई!"

"काहीतरी काय बोलता? गेले कित्येक दिवस एकही..."

"म्हणूनच!" आण्णासोनं लेकीचा हात धरून जबड्यात घातला. शेजारच्या बायका काम टाकून बघू लागल्या. "बघा. लाल आकडा बघा."

आकडा जागचा हलला नाही. निंबाळकरानं डबीवर टिचकी मारली. पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तार पुसली नसेल," कुणीतरी म्हणालं.

आण्णासोनं खिशातून पकड काढली. त्रिशलाला काय होतंय ते कळायच्या आत त्यानं तिच्या चुड्यातली पहिली बांगडी पकडीत धरली आणि दाबली. कट्‌. बायकांच्या तोंडून एकदम श्वास निघाला. बापानं लेकीचा चुडा फोडावा, तोही नवऱ्याच्या जिवंतपणी, लग्नाला सहा महिने होतायत न होतायत तोवर!

"आप्पा, नको! आप्पा, आत्या मला घरात..."

कट्‌. कट्‌. तो थांबला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात सेटरचा होता, नेमका, कातडीला धक्का न लावणारा. हिरवे तुकडे साच्यावर पडत गेले. शेवटची बांगडी गेली तेव्हा तिचं मनगट ओकंबोकं, पांढुरकं दिसू लागलं.

"आता घाल."

त्रिशलानं रडत रडत हात आत घातला.

लाल आकडा असा उडाला की डबी टुणकन वाजली.

रांगेतल्या बायकांनी एकेकीनं आपापल्या प्रेसचं बटण दाबलं. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. धडधड ओसरत ओसरत संपली. माझ्या हाताखाली लाइन बंद पडलेली दाखवा, म्हणणाऱ्या माणसासमोर पूर्ण शेड बंद उभी होती.

त्रिशला आपलं रिकामं मनगट चोळत त्या डबीकडं बघत होती. तिनं हात पुन्हा घातला. आकडा उडाला. काढला, पुन्हा घातला. पुन्हा उडाला. खात्री होत नसल्यासारखी ती ते करतच राहिली.

"घरात सांग," आण्णासो म्हणाला, "बापानं वाढवला. मी येतो संध्याकाळी. मीच सांगतो."

निंबाळकर फोनवर वरच्या कुणाशी तरी बोलला आणि खाली मान घालून परत आला. "शिफ्ट संपेपर्यंत बांगड्यावाल्यांनी घरी जायचं म्हणतात. बिनपगारी. ज्यांचे हात मोकळे त्यांनी मशीनवर. ऑर्डर आजच जायची आहे."

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. कुणी बांगड्या ओढून पाहिल्या. कित्येकींच्या निघाल्या, त्या त्यांनी पिशवीत घातल्या. पण ज्यांच्या हातात घट्ट बसल्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मग शेजारच्या प्रेसवरची आक्काताई पुढं आली. हिच्याच शेजारी त्रिशला काम शिकली होती. केस पिकलेले, हाताची हाडं जाड झालेली, बांगड्या जणू मांसात रुतलेल्या.

"भाऊ, माझ्याबी वाढवा," ती म्हणाली. "आपल्या हातानं आपल्या फोडायच्या न्हाईत म्हणत्यात. मालक घरात हायत."

तिनं दोन्ही मनगटं पुढं केली. तिच्या मागं दुसरी येऊन उभी राहिली, तिच्या मागं तिसरी. रांग पार दाराकडं गेली.

आण्णासोनं पकड उचलली. एवढ्या बायकांचं काम तो एका दमात करणार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातला एकही उपकार कुणाच्या नावावर मांडता येणार नव्हता.

त्यानं आक्काताईचा हात जपून आपल्या हातात घेतला.

"लागलं तर सांग, बाई," तो म्हणाला.